अपंगांसाठीची 'केस मॅनेजमेंट': म्हणजे नेमकं करता काय हो तुम्ही?

नदीकाठची | ५ जुलै, रात्री १०:१२

परवा एका लग्नात वरपक्षाकडच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही काय करता?" म्हटलं, अपंग मुलांच्या घरच्यांबरोबर काम करते. "म्हणजे शिकवता?" नाही. "मग मालिश, फिजिओ वगैरे?" नाही. "मग करता तरी काय?" पानातली जिलबी संपेपर्यंत मला धड उत्तर देता आलं नाही. चौदा वर्षं झाली या कामाला! त्यात भाची मानसशास्त्र घेऊन टीवायला आहे आणि तिला "मावशीसारखं काहीतरी" करायचंय. तेव्हा तिच्यासाठी आणि त्या काकूंसाठी हा धागा.

माझ्या नेमणूकपत्रावर 'समाजसेवक' लिहिलंय. मधली तीन वर्षं संस्थेला एक मोठा प्रकल्प मिळाला, तेव्हा मी 'केस मॅनेजर' झाले. प्रकल्प संपला, मी पुन्हा समाजसेवक. काम एका इंचानेही बदललं नाही.

काम कसं असतं ते एका फाईलवरून सांगते. नाव सोनी म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सोनी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही). पहिल्यांदा गेले तेव्हा ती पडवीत गोधडीवर आडवी आणि आई गोठ्यात. जन्माचा दाखला सोडला तर घरात तिच्या नावाचा एक कागद नव्हता. आधार का नाही? तर केंद्रावरच्या पोराने दोनदा परत पाठवलेलं. मुठी घट्ट मिटलेल्या, ठसे येत नाहीत. मान ठरत नाही, त्यामुळे डोळेही टिपता येत नाहीत. ज्यांचे ठसे येऊ शकत नाहीत त्यांचं आधार 'बायोमेट्रिक अपवाद' म्हणून काढता येतं. त्याला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी त्याला पटवायला आणखी दोन फेऱ्या गेल्या.

आधार नाही म्हणून यूडीआयडी नाही. (माहीत नसलेल्यांसाठी: दिव्यांगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र, १८ अंकी क्रमांक. त्याआधी आपल्या राज्याचं वेगळं ऑनलाइन प्रमाणपत्र होतं, त्याच्याही आधी हाताने लिहिलेलं. तिन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणणारे लोक अजून भेटतात.) यूडीआयडी नाही म्हणून निरामय (अपंगांसाठीचा आरोग्य विमा) नाही, एसटीची सवलत नाही, संजय गांधी निराधारचा अर्ज नाही, व्हीलचेअरच्या शिबिरात नाव नाही. पुढचा कागद अडला की मागचे सगळे रांगेत उभे. मी त्या पुढच्या कागदापाशी जाऊन उभी राहते, आणि शेवटचा हातात पडेपर्यंत फाईल बंद करत नाही. काकूंना सांगायचं होतं ते एवढंच.

सोनीच्या फाईलला एक वर्ष चार महिने लागले. शेवटी व्हीलचेअर आली ती मोठ्या माणसाच्या मापाची. परत करावी तर पुढचं शिबिर कधी लागेल हे कोणी सांगेना. आईने दोन्ही बाजूंना उशा बांधून तिला बसवलं. मी गप्प बसले, फोटो काढला, अहवालात 'साहित्य प्राप्त' लिहिलं. ते चुकलं माझं. अशा मुलांना मापाची, मानेला आणि कमरेला आधार असलेली सीपी (सेरेब्रल पाल्सी) चेअर लागते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचा पाठीचा बाक वाढलेला दिसत होता. तेव्हापासून 'प्राप्त' लिहिण्याआधी मी मुलाला त्यात अर्धा तास बसलेलं बघते.

शिक्षणाचं: मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. ती पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत होते, मुंबईत निर्मला निकेतन आणि टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था). टिसमध्ये अपंगत्व या विषयातच समाजकार्याची एमए आहे. पण विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेचा म्हणजे आरसीआयचा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. १९९२ चा कायदा आहे तसा. नुसत्या मानसशास्त्राच्या बीएवर 'थेरपिस्ट' अशी पाटी लावणारे गल्लोगल्ली आहेत. भाचीला त्या वाटेने जाऊ देणार नाही.

पगार: २०११ ला ६,५०० वर सुरुवात. आज २४,००० आणि पेट्रोलचे १,५००. लपवण्यासारखं काही नाही, मिरवण्यासारखंही नाही.

विचारा काय विचारायचं ते.

पावभाजी_प्रेमी | ५ जुलै, रात्री १०:३१

वाचनखूण साठवली. अवांतर: जिलबीबरोबर मठ्ठा होता का?

खडीसाखर | ५ जुलै, रात्री ११:०५

ताई, तुम्ही जे २४,००० मध्ये करता ते मी एकोणीस वर्षं फुकट करतेय. 😀

मुलगा ऑटिस्टिक. माझ्याकडे त्याच्या सात फायली आहेत: शाळा, मूल्यमापन, औषधं, प्रमाणपत्र, विमा, इन्कम टॅक्स (कलम ८०डीडी, अपंगत्व गंभीर असेल तर सव्वा लाखाची वजावट; बाकीच्या पालकांनी नोंद घ्या) आणि सातवी 'इतर'. नवऱ्याला यातली कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे हे सांगता येणार नाही. माणूस वाईट नाही, पण सांगता येणार नाही.

आता नवीन त्रास. तो अठरा पूर्ण झाला. बँकेत गेले तर म्हणतात, मुलगा सज्ञान आहे, त्याची सही आणा. तो सही करत नाही. मी आई आहे म्हटलं तर "त्याचा कागद आहे का?" आई असल्याचा आणि काय कागद?

नदीकाठची | ६ जुलै, सकाळी ७:४८

खडीसाखर, हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी येतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत; मूल कसंही असो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. तिच्याकडे 'नमुना अ' मध्ये अर्ज करायचा, समिती कायदेशीर पालक नेमते. हे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेचं २००७ चं परिपत्रक आहे. त्याची छापील प्रत घेऊन जा, मोबाइलवर दाखवू नका. शाखेत कागदाला मान असतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पालक झालात की सहा महिन्यांत मुलाच्या नावावरच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. बहुतेक जण देत नाहीत. पुढे भावंडांत वाद झाला की हाच हिशोब कामाला येतो.

यजमान सरकारी नोकरीत आहेत का?

खडीसाखर | ६ जुलै, सकाळी ९:२०

हो, केंद्र सरकारी. तीन वर्षं राहिलीत.

नदीकाठची | ६ जुलै, सकाळी ९:३३

मग आजच त्यांना ही फाईल दाखवा. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आई-वडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. मुलाचं नाव पेन्शनच्या कागदात आई-वडील हयात असतानाच लावून घेता येतं. नंतर ते लावण्यासाठी काय धावपळ होते ती मी पाहिली आहे. तेव्हा धावणारं माणूसच राहिलेलं नसतं.

जुना_मास्तर | ६ जुलै, सकाळी १०:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे वर्णन वाचून मला आरटीओबाहेरचे एजंट आठवले. कागद जमवा, खिडकीवर उभे राहा, साहेबाला पटवा. त्याला इंग्रजी नाव दिले की करिअर झाले. सरकारी यंत्रणा नीट चालली तर तुमची गरजच काय?

फायलीतला_माणूस | ६ जुलै, सकाळी ११:४०

मास्तर, मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो. निराधार योजनेचं टेबल. (कुठल्या तालुक्यात ते विचारू नका.)

एजंटाने आणलेला अर्ज मी लांबून ओळखतो. कागद पूर्ण असतात, पण माणूस कोण, त्याच्या घरात काय परिस्थिती, हे एजंटाला माहीत नसतं. पुढच्या वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो तेव्हा तो एजंट दुसरीकडे असतो आणि म्हातारी आई पैसे का बंद झाले हे विचारायला तीस किलोमीटरवरून माझ्याकडे येते. बंद का, तर बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही, किंवा दोन बँका एकत्र झाल्या आणि कोड बदलला. मी सांगतो, ती मान हलवते. तिला कळलेलं नसतं हे मला कळतं, आणि मागे रांग असते.

चांगला समाजसेवक असेल तर मार्चच्या आधीच फोन येतो: साहेब, आमच्या अकरा जणांच्या दाखल्यांचं काय? त्या फोनचा मला वैताग येतो हे खरं. पण त्या अकरांचे पैसे बंद होत नाहीत.

नदीकाठची | ६ जुलै, दुपारी १:०२

साहेब, तो वैताग देणारी बाई मीच तर नाही ना. 🙏

मास्तर, राग नाही. यंत्रणा नीट चालली तर माझं निम्मं काम संपेल आणि मला आनंदच होईल. उरलेलं निम्मं कागदाचं नाहीच. बाईला दिवस राहिलेत, पहिलं मूल अपंग, सासू म्हणते माहेरी जा. सोळा वर्षांची बौद्धिक अक्षम मुलगी, पाळी आली की तिला घरात कोंडतात. बाप गेला आणि भाऊ म्हणतो, संस्थेत टाका. यातल्या कुठल्या गोष्टीला खिडकी आहे सांगा.

यारा_काठी | ६ जुलै, दुपारी ४:३७

मेलबर्नहून. इथे या कामाला खरोखरच स्वतंत्र नाव आहे: सपोर्ट कोऑर्डिनेटर. मी तेच करते, म्हणून लिहिते.

ऑस्ट्रेलियात २०१३ पासून एनडीआयएस नावाची योजना आहे. सरकार संस्थेला अनुदान न देता प्रत्येक पात्र माणसाच्या नावाने बजेट ठरवतं आणि ते कुठल्या सेवेवर खर्चायचं हे तो माणूस ठरवतो. बजेटचे तीन मोठे कप्पे: रोजची मदत, क्षमता वाढवणं आणि साहित्य. योजनेची भाषा इतकी किचकट की ती समजावून सेवा जोडून देणाऱ्या माणसाचेही त्या बजेटमध्येच पैसे धरलेले असतात, तासाला शंभर डॉलरच्या आसपास. (ते कंपनीला मिळतात. मला त्याच्या निम्मे समजा.)

ऐकायला स्वर्ग वाटतो. पण माझा प्रत्येक फोन मिनिटांत मोजला जातो. एखाद्या आईशी वीस मिनिटं जास्त बोलले तर ती वीस मिनिटं तिच्या मुलाच्या बजेटमधून कापायची, नाहीतर माझ्या पदरची. मी बऱ्याचदा पदरची टाकते, आणि महिनाअखेर मॅनेजर विचारते की तुझे बिलाचे तास कमी का.

आपली कितीतरी मुलं इथे विद्यार्थी म्हणून येतात आणि सपोर्ट वर्करचं काम धरतात. शिक्षण चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा, त्यात रात्रीच्या आणि झोपायच्या (तिथेच झोपायचं, गरज पडली तर उठायचं) ड्यूट्या परवडतात. वर्कर स्क्रीनिंगची, म्हणजे पार्श्वभूमी तपासणीची, मंजुरी लागते. आयटीची डिग्री करता करता एखाद्याला आंघोळ घालायला शिकलेली दोन मराठी मुलं मला माहीत आहेत. त्यातल्या एकाने आयटी सोडलं. घरी अजून सांगितलेलं नाही.

आणि एक टोचणारी गोष्ट. ही योजना नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. (न्यूझीलंडच्या लोकांसाठी वेगळा नियम आहे.) पण कायम वास्तव्याचा अर्ज केला की कुटुंबातल्या प्रत्येकाची आरोग्य तपासणी होते, आणि एकाच्या उपचारांचा व सेवांचा अंदाजे खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर सगळ्या कुटुंबाचा अर्ज अडू शकतो. २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० डॉलर आहे. बाप इथल्या अपंगांची सेवा करतोय आणि त्याच्या स्वतःच्या ऑटिस्टिक मुलामुळे व्हिसा अडलाय, असं घर मी बघितलंय. डबा द्यायला गेले होते. काय बोलावं ते सुचलं नाही, पोळ्या ठेवून आले.

पावभाजी_प्रेमी | ६ जुलै, दुपारी ४:५०

😔

चाकवाला | ६ जुलै, रात्री ९:२६

दोन दिवस वाचतोय. आता माझं ऐका.

मी २००९ पासून व्हीलचेअरवर आहे, बाइकचा अपघात, मणका. बँकेत नोकरी करतो, राखीव जागेवर लागलो आणि त्याची मला लाज नाही. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतोय: केस. अपघातानंतर मीही कुणाचीतरी केस होतो. पुनर्वसन केंद्रात एक ताई यायच्या, चांगल्या होत्या, मनापासून सांगतो. त्यांच्या फॉर्मवर 'ध्येय' असा रकाना होता. त्यांनी मला न विचारता लिहिलं: 'स्वावलंबी होणे'. मला तेव्हा काय हवं होतं माहीत आहे? गच्चीवर जायचं होतं. आमच्या चाळीच्या गच्चीवर रात्री सगळी पोरं जमायची. लिफ्ट नाही, दोन मजले. ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. शेवटी मित्रांनी खुर्चीसकट उचलून नेलं. केंद्राच्या हिशोबात माझं ध्येय सहा महिन्यांनी 'अंशतः साध्य' झालं.

दुसरं. पालकत्वाचं प्रमाणपत्र आईच्या सोयीचं आहे, मान्य. पण त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कोणी विचारलं का? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे: निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे, एका कामापुरते, एका काळापुरते. त्याबद्दल धाग्यात एक ओळ नाही.

तिसरं. तुमच्या संस्थेत किती अपंग माणसं पगारावर आहेत? शिपाई आणि टेलिफोन ऑपरेटर सोडून सांगा. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवरून १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. म्हणजे जमत नाही असं नाही.

आणि 'दिव्यांग' म्हणू नका मला. दिव्य काही नाही. अपंग म्हणा, चालेल. शीर्षकात अपंग लिहिलंत तेवढं बरं केलंत.

खडीसाखर | ६ जुलै, रात्री ९:५८

चाकवाला दादा, तुम्ही बोलू शकता, नोकरी करता. माझा मुलगा 'पाणी' हा शब्द नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा बोलला. बँकेच्या काउंटरवर मी त्याचं मत कसं घेऊ? तुमचा मुद्दा मनाला लागला, पण माझं घर तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

चाकवाला | ६ जुलै, रात्री १०:१४

ताई, तुमच्यावर नव्हतं ते. काउंटरवरच्या माणसावर होतं. आणि थोडं धागाकर्तीवर. पण त्याला काय आवडतं ते तुम्हाला नक्की कळत असणार. तेवढं फाईलमध्ये लिहून ठेवा. तुमच्यानंतर ती फाईल उघडणाऱ्याला ते कुठून कळणार?

नदीकाठची | ७ जुलै, सकाळी ७:१५

रात्री वाचलं, लगेच उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

संस्थेत पगारावर अपंग माणसं: तेवीसपैकी दोन. एक शिपाई, एक टेलिफोनवर. तुम्ही म्हणालात तंतोतंत तेच. अध्यक्षांशी बोलेन असं लिहिणार होते, पण चौदा वर्षांत एकदाही बोलले नाही, तेव्हा बोलल्यावरच लिहीन.

मर्यादित पालकत्व: कायद्यात आहे, पण आमच्या जिल्ह्यात त्याखालचं एकही प्रकरण मी हाताळलेलं नाही. आमच्याकडचे जवळपास सगळे अर्ज राष्ट्रीय न्यासाखालचे. एकदा एका बैठकीत मात्र जिल्हाधिकारी मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि मुलालाच विचारलं, "तू कुणाकडे राहणार?" त्याने मामाकडे बोट दाखवलं. अर्ज काकाचा होता. सगळे गप्प. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. तोपर्यंत माझ्या गृहभेटीच्या अहवालात मुलाचं म्हणणं असा रकानाच नव्हता. आता पहिलाच तो आहे. बोलत नसेल तर काय केलं की हसतो, कुणी आलं की तोंड फिरवतो, तेही लिहिते.

गच्चीचं लक्षात ठेवते.

बेएरियाकर | ७ जुलै, सकाळी ११:२२ (इकडे रात्र)

यारा_काठींच्या जोडीला कॅलिफोर्नियाचं लिहितो. मुलगी दहा वर्षांची, ऑटिझम. मी या कामात नाही, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो.

इथे १९६९ चा लँटरमन कायदा आहे. त्याखाली राज्यभरात २१ 'रीजनल सेंटर' आहेत आणि पात्र ठरलेल्या प्रत्येकाला एक सर्व्हिस कोऑर्डिनेटर मिळतो, जन्मभर. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, ऑटिझम किंवा तशाच गरजा असलेली स्थिती, आणि ती १८ च्या आत सुरू झालेली हवी. नागरिकत्व विचारत नाहीत. एच-वन व्हिसावरच्या आपल्या कित्येक घरांना हे माहीतच नसतं. वर्षानुवर्षं लोक खिशातून थेरपी करतात, कारण "सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल" अशी भीती. ती भीती किती खरी ते वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

कोऑर्डिनेटरमागे सरासरी किती माणसं हेही कायद्यात आहे: सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ४०, केंद्र सरकारच्या मेडिकेड या आरोग्य योजनेच्या खास सवलतीखाली (वेव्हर) असलेल्यांसाठी ६२. प्रत्यक्षात हे आकडे सर्रास ओलांडले जातात. आमची कोऑर्डिनेटर पाच वर्षांत चौथ्यांदा बदलली. प्रत्येक नवीन येते तेव्हा मी पहिल्यापासून सांगतो: नळाच्या आवाजाला घाबरते, निळा कप लागतो. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, आता छापूनच ठेव. एक पान केलंय, वर फोटो.

नदीकाठची, तुमच्याकडे किती फायली आहेत?

नदीकाठची | ७ जुलै, सकाळी ११:५०

१३७. त्यातल्या साठेक दर महिन्याला हलतात. बाकीच्या तेवढ्या वेळ गप्प असतात म्हणून जमतं. गप्प असतात म्हणजे बरं चाललंय असं धरून चालायचं.

एक पानाची कल्पना चोरते.

संपादक_मंडळ | ७ जुलै, दुपारी १२:०५

धागा 'शिक्षण व नोकरी' विभागात हलवला आहे. कृपया प्रतिसादात फोन नंबर देऊ नयेत. दोन प्रतिसादांतले काढले आहेत.

सायलेंट_वाचक | ७ जुलै, सायंकाळी ६:४१

सहा वर्षांत पहिलाच प्रतिसाद. मी एसवायबीएला आहे, छोट्या गावातली. घरात अपंग कोणी नाही, तरी मला हे करावंसं वाटतंय. लोक म्हणतात, घरात असलं कोणी की मगच माणूस या क्षेत्रात येतो. खरं का? एमएसडब्ल्यू झाल्यावर नोकरी कुठे मिळते? आणि रोज असं बघून त्रास होत नाही का?

नदीकाठची | ७ जुलै, रात्री १०:३०

घरात कोणी असायला हवं असं काही नाही. माझ्याही नव्हतं. मी आले ते जाहिरात बघून, कारण बाकीच्या नोकऱ्यांना दुचाकी चालवता यायला हवी होती आणि इथे नाही असं वाटलं. (चूक. पहिल्या महिन्यातच शिकावी लागली.)

नोकऱ्या: संस्था तर आहेतच. जिल्हा रुग्णालयांत बालकांच्या लवकर निदानाची केंद्रं असतात. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली डीईआयसी म्हणतात ती. त्यांच्या मनुष्यबळात समाजसेवकाचं पद धरलेलं आहे. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रं आहेत, काही जोरात, काही नावाला. समग्र शिक्षात समावेशित शिक्षणाची पदं, कंत्राटी. मोठ्या हॉस्पिटलांत मेडिकल सोशल वर्कर. २०२२ मध्ये राज्याने वेगळा दिव्यांग कल्याण विभाग केला. पण नवीन विभाग झाला म्हणजे तालुक्याला माणूस आला असं नसतं. बरंचसं काम कंत्राटावरचं आहे, अकरा महिन्यांचं, हे आधीच माहीत असू दे. आणि एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांआधी अंदाज घ्यायचा असेल तर आरसीआयचा सहा महिन्यांचा सीबीआयडी (समाजाधारित समावेशक विकास) अभ्यासक्रम बघ, २०२१ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या मदतीने सुरू झालेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. (यारा_काठी, तुमच्याच गावचं विद्यापीठ.)

त्रासाचं विचारलंस. बघून होत नाही. महिनाभरात डोळ्यांना सवय होते, आणि सवय झाली याचंच एखाद्या रात्री वाईट वाटतं. मला त्रास झालेला प्रसंग वेगळा. तेरा वर्षांचा मुलगा न्यूमोनियाने गेला. फाईल माझीच, सहा वर्षांची. दहाव्याला गेले. आईने आतून प्लास्टिकची पिशवी आणली, त्यातून यूडीआयडी कार्ड काढलं आणि विचारलं, "ताई, हे आता कुठं जमा करायचं?" ते कार्ड मिळवायला आम्ही दोघींनी नऊ चकरा मारल्या होत्या. मी म्हटलं, राहू दे तुमच्याकडेच. बरोबर की चूक, अजून माहीत नाही. त्या दिवशी ऑफिसला न जाता घरी आले आणि कुकर लावला.

खडीसाखर | ७ जुलै, रात्री १०:५२

राहू दे म्हणालात ते बरोबरच.

जुना_मास्तर | ८ जुलै, सकाळी ६:३०

एजंट हा शब्द मागे घेतो. एक माहिती हवी होती. माझ्या शेजारच्यांचा मुलगा चाळिशीचा आहे, बौद्धिक अक्षम. त्याची आई ७८ वर्षांची. त्यांच्याकडे कुठलेही प्रमाणपत्र नाही. या वयात निघते का? मुलगा घराबाहेर पडत नाही.

नदीकाठची | ८ जुलै, सकाळी ७:०५

निघतं, वयाची अट नाही. अर्ज यूडीआयडीच्या पोर्टलवर भरायचा, मग जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी तपासणी. मास्तर, अर्ज तुम्हीच भरून द्या, आईंना पोर्टल जमणार नाही. आधार, फोटो, पत्ता तयार ठेवा. जुनी शाळा किंवा डॉक्टरांची एखादी चिठ्ठी घरात कुठेतरी असेलच, ट्रंक बघा. तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर नंबर लावायला तुम्ही पुढे जा आणि त्याला रिक्षाने मागाहून आणा. गर्दीत दोन तास बसला तर बिथरेल. त्याआधी दोन-तीनदा रिक्षात बसवून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणा.

आणि आई ७८ च्या आहेत. प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात पालकत्वाचा अर्ज, पालक म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालून. कोण आहे बघा. बहीण, पुतण्या?

जुना_मास्तर | ८ जुलै, सकाळी ७:४०

पुतणी आहे. नाशिकला. आज फोन करतो. कागद मी जमवतो. (एजंट झालो.)

सायलेंट_वाचक | ८ जुलै, सकाळी ८:१२

ताई, तुमच्याबरोबर एक दिवस गृहभेटीला येऊ का? तुमचा जिल्हा कुठला ते माहीत नाही, पण एसटीने येईन.

नदीकाठची | ८ जुलै, सकाळी ८:२०

खाजगी संदेश पाठवलाय. बुधवारी सव्वाआठला स्टँडवर. पाण्याची बाटली आण, आणि पटकन निघणाऱ्या चपला घाल, दिवसात सात घरं आहेत. पहिलं घर सोनीचं. गेल्या महिन्यात तिच्या मापाची खुर्ची आली आहे. बसून बघायचीय, अर्धा तास.